जाऊबाईंचा अंगठा

माझ्या जाऊबाईंना कुणी गरीब गाय म्हटलं की मला हसू येतं. दिसतात खऱ्या तशा. बारीक आवाज, खाली नजर, कुणाच्या अध्यात ना मध्यात. आमच्या घरात मोठा आवाज माझा. भांडी आपटते मी, दार आपटते मी, आणि थोड्या वेळाने सगळं विसरून त्याच माणसाला चहा देते तीही मीच. जाऊबाई आपटत नाहीत. विसरतही नाहीत. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई कानात म्हणाल्या होत्या, "मोठीला दुखवू नकोस. ती ओरडणार नाही." मला वाटलं, मग चांगलंच आहे की.

आम्ही दोघी एकाच बुटांच्या दुकानात कामाला. त्या खाली गालिच्यावर, गिऱ्हाइकांच्या पायाशी. मी वर माळ्यावर, खोक्यांच्या राशीत. खालून कुणी घंटी वाजवून नंबर सांगितला की ते खोकं शोधायचं आणि लाकडी उतारावरून खाली सोडायचं. माळ्याला एक मोठं भोक आहे, त्यातून सगळं दुकान दिसतं. मोठे भाऊजी टेम्पो चालवतात, आमचे हे रंगारी, काम मिळालं तर मिळालं. तेव्हा घर उभं होतं ते आम्हा दोघींच्या नोकरीवर, हे नवरे मंडळींना कबूल नसलं तरी.

मॅनेजरला आम्ही सगळ्या जणी पाठीमागे इस्त्री म्हणायचो. शर्टाला सुरकुती नाही, पँटची घडी अशी की भाजी चिरावी, आणि पायात पुढे चोच असलेले चकचकीत काळे बूट. तो गालिच्यावर फिरायला लागला की टेकलेली बाई उठायची आणि उठलेली बाई आणखी ताठ व्हायची. बसायची बंदीच होती. त्याने आणखी एक नियम काढला होता: जे विकायचं तेच पायात घालायचं. ऐकायला छान वाटतं. पण बायकांच्या पायात यायचं काय, तर जे खपत नाही ते. अरुंद, चोचीचं, आणि बहुतेक लहान नंबरचं. सकाळी आल्यावर आपली चप्पल कपाटात ठेवायची, इस्त्री देईल तो जोड चढवायचा आणि दुकानाच्या बाहेर त्यात एक पाऊलही टाकायचं नाही. का टाकायचं नाही ते मला माळ्यावर कळलं. मोसम संपला की तेच जोड पुसूनबिसून, आत कागदाचे बोळे कोंबून परत खोक्यात यायचे आणि नवे म्हणून विकले जायचे. गालिच्यावर फिरलेला बूट तळाला झिजणार कुठे? हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मालकीणबाईंना नव्हतं. त्या वयस्कर, दुसऱ्या गावी राहायच्या, मोसमातून एकदा यायच्या, आणि तेव्हा इस्त्री आम्हाला घरच्या चपला घालायला लावायचा.

जाऊबाईंचा पाय रुंद, बोटं मोकळी पसरलेली. त्यांना मिळालेला जोड एक नंबर लहान. काउंटरवरच्या बायकांकडे यावर एक इलाज होता आणि जुनी बाई तो नवीला मोठ्या मायेने शिकवायची. अंगठ्याच्या नखाचा कोपरा जितका खोल जाईल तितका कापून काढायचा, आणि नखाच्या मधोमध एक खाच पाडायची. खाचेमुळे म्हणे नख मध्याकडे वाढतं आणि कडा मांस सोडतात. जाऊबाईंनी तेच केलं. दोन-चार दिवस बरं वाटायचं, मग पहिल्यापेक्षा जास्त ठणकायचं, मग परत नेलकटर घेऊन त्या मोरीच्या उंबऱ्यावर बसायच्या. शेवटी शेवटी अंगठा लाल झाला, तापला, कडेने पू यायला लागला. पायावर चादरीचं वजनसुद्धा सोसेना. मी डॉक्टरकडे चला म्हणून खनपटीला बसले होते. "जाऊ गं," म्हणायच्या, आणि जायच्या नाहीत.

आणि मग तो दिवस आला. दुकानात ही गर्दी. जाऊबाईंच्या पायात दुधी रंगाचा जोड होता. त्या लंगडतायत हे इस्त्रीने पाहिलं. गिऱ्हाइकांच्या मधोमध त्याने त्यांना स्टुलावर बसवलं, म्हणजे वर्षानुवर्षांत पहिल्यांदा बसवलं, आणि बूट काढायला लावला. आतून रक्त. त्याने तो बूट दोन बोटांत धरून सगळ्यांना दिसेल असा वर केला.

"बूट बघा केवढा नाजूक, आणि तुमचे पाय बघा," तो म्हणाला. "धुवा. आत्ता. इथेच."

जाऊबाई गालिच्याच्या कडेला खाली बसल्या. एक पाय उघडा, अंगठा भरलेला, लोक बघतायत, एक लहान मुलगी आईला शी शी म्हणून दाखवतेय. आणि त्या ओल्या फडक्याने बुटाचं अस्तर पुसतायत. मी वरून भोकातून बघत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या हातात खोकं होतं आणि खाली बरोबर त्याचं टक्कल होतं. देवाशपथ, घरातल्या पोरांची आठवण आली म्हणून हात आवरला. जाऊबाई उठल्या, बूट त्याच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "झालं, साहेब."

घरी येताना बसमध्ये मी फणफणत होते. त्याच्या बुटात टाचण्या टाकू, डब्यात जुलाबाची गोळी घालू, शर्टावर शाई ओतू, मला एकामागून एक सुचत होतं. जाऊबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

"टाचणी टोचली तर तो टाचणी काढून टाकेल," त्या म्हणाल्या. "तेवढ्याने माझं भागणार नाही. मला तो त्या गालिच्यावरून कायमचा उतरलेला बघायचाय. आणि माझ्याकडे कुणी बोट दाखवता कामा नये. आपल्या दोघींची नोकरी आहे तिथे."

"आणि कसा उतरवणार?"

"ते बघू. आधी हा अंगठा."

मग डॉक्टरीणबाईंकडे गेलो. मी माळ्यावरून तो दुधी जोड पिशवीत घालून नेला होता, कारण मला वाटलं डॉक्टरांना गुन्हेगारही दाखवावा. बाईंनी अंगठा पाहिला आणि विचारलं, "कोपरे कोण कापतं?"

"मीच," जाऊबाई म्हणाल्या. "दुकानात सगळ्याच कापतात."

"मग सगळ्याच येणार माझ्याकडे." त्यांनी अंगठा दिव्याखाली धरला. "कोपरा खोल कापलात की आत, दिसत नाही तिथे, नखाचं एक टोक राहतं. नख वाढलं की ते टोक पुढे सरकतं आणि मांसात घुसतं. दुखतं म्हणून तुम्ही आणखी खोल कापता, परत टोक राहतं. वरून हा बूट मांस नखावर दाबतो. मग सूज, मग पू, आणि मग हे लाल लुसलुशीत मांस वाढतं."

"आणि मधली खाच?" मी विचारलं.

"खाचेने काही होत नाही. नख मुळाशी तयार होतं. पुढे तुम्ही नक्षी काढली तरी मुळाला पत्ता नसतो."

सुरुवातीलाच आलो असतो तर थोडक्यात भागलं असतं म्हणे. कोमट पाण्यात पाय बुडवून ठेवायचा, नीट कोरडा करायचा, नखाच्या कडेखाली कापसाची बारीक वात सरकवायची आणि पुढून मोकळी चप्पल घालायची. नख सरळ कापायचं, फार आखूड नाही, कोपरे शाबूत ठेवायचे. पण आता वेळ गेली होती. नुसत्या गोळ्यांनीही जमणार नव्हतं, टोक आत तसंच राहिलं तर पू परत होणार. बाईंनी आधी साखर तपासली. साखर असलेल्या माणसाने असा अंगठा एक दिवसही अंगावर काढू नये, त्यांनी दोनदा बजावलं. ती ठीक निघाली. मग अंगठ्याच्या बुंध्याशी दोन्ही बाजूंनी इंजेक्शनं दिली.

इंजेक्शन वाईट होतं, खोटं कशाला बोलू. जाऊबाईंनी माझं मनगट धरलं ते बांगडी वाकेपर्यंत. ओठ हलत होते. मला वाटलं देवाचं नाव घेतायत, म्हणून कान जवळ नेला. इस्त्रीचं घेत होत्या.

पुढचं त्यांना कळलंच नाही. बाईंनी सगळं नख काढलं नाही, घुसलेल्या बाजूची तेवढी पट्टी उभी कापून ओढून काढली. मुळाशी औषध लावून ती जागा जाळली, म्हणजे तेवढी पट्टी परत उगवायला नको. पट्टी बांधली, पाय उशीवर ठेवायला सांगितला. शेवटी एक कागद जमिनीवर ठेवून जाऊबाईंना दुसऱ्या, चांगल्या पायावर उभं केलं आणि पेन्सिलीने पायाची कड काढली. त्यावर माझ्या पिशवीतला दुधी बूट ठेवला. दोन्ही बाजूंनी पाय बुटाबाहेर दिसत होता.

"हा तुमचा पाय, हा बूट. उरलेला पाय कुठे जाईल, तुम्हीच सांगा."

जाऊबाई त्या कागदाकडे इतका वेळ बघत राहिल्या की बाईंनी पुढचा पेशंट आत बोलावला. मग हळूच विचारलं, "हा कागद मी नेला तर चालेल?"

अंगठा सुकून त्या कामावर परतल्या तेव्हा हातात डॉक्टरांची चिठ्ठी होती: पुढून उघडी चप्पलच घालायची. इस्त्रीला चिठ्ठी नाकारता येईना. त्याने त्यांना एकदम मागच्या, खांबाआडच्या काउंटरवर टाकलं, जिथे गिऱ्हाईक चुकूनच जायचं. मला रडू आलं. जाऊबाई म्हणाल्या, "रिकाम्या खोक्यांची झाकणं जरा माझ्यासाठी ठेवत जा."

ठेवत गेले. कुणी बाई चोचीचा बूट घेऊन आली की जाऊबाई तिला पुठ्ठ्यावर उभी करायच्या, पायाची कड काढायच्या, कात्रीने तो आकार कापायच्या आणि पुठ्ठ्याचा पाय बुटात सरकवायच्या. पुठ्ठा पुढे जाऊन दुमडायचा. जाऊबाई बुटाविरुद्ध चकार शब्द काढायच्या नाहीत. "छान आहे बूट," म्हणायच्या. "घ्यायचा तर घ्या." बाई त्या दुमडलेल्या पुठ्ठ्याकडे बघायची, स्वतःच्या अंगठ्याकडे बघायची आणि रुंद तोंडाचा जोड मागायची. दुसऱ्या दिवशी बहिणीला घेऊन यायची. खांबाआड रांग लागायला लागली.

आता इस्त्रीने काय करावं? त्याला रांग दिसली आणि तो हुरळला. पुठ्ठा नेमका कुठे दुमडतोय हे बघायला त्याला वाकावं लागलं असतं, आणि वाकलं की पँटची घडी मोडते. त्याने सगळ्या काउंटरांवर पुठ्ठे, पेन्सिली आणि कात्र्या ठेवल्या. जी बाई पुठ्ठा कापणार नाही तिला ताकीद. मालकीणबाईंना फोन करून सांगितलं, मी नवी पद्धत काढलीय, गिऱ्हाईक हटत नाही. जाऊबाई तेव्हा शेजारीच होत्या. त्याने डोळे वटारले तर म्हणाल्या, "हो तर, साहेबांचीच पद्धत." घरी येऊन त्यांनी मला हे सांगितलं तेव्हा मी इतकी हसले की सासूबाईंनी विचारलं, हिला झालंय काय.

कारण वर माळ्यावर काय चाललं होतं ते मला दिसत होतं. त्या मोसमासाठी इस्त्रीने स्वतः पसंत करून, मालकीणबाईंना गळ घालून, चोचीच्या बुटांचा भलामोठा माल आणवला होता. जमिनीपासून छपरापर्यंत तो उभा होता, आणि त्याच्यासाठी घंटी वाजत नव्हती. रुंद जोड संपत आले, मग तेही उरले नाहीत, तेव्हा गिऱ्हाईक पुठ्ठ्याचा पाय पर्समध्ये घालून समोरच्या दुकानात जायला लागलं. मोसम सरत आला तेव्हा इस्त्री माळ्यावर चढला. त्याने ती भिंत पाहिली आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. खाली जाऊन त्याने पुठ्ठे उचलायला सांगितले. पण आता गिऱ्हाईकच आत येऊन म्हणायचं, पुठ्ठा कुठाय? पाय मोजा की आधी.

मालकीणबाई आल्या त्या न सांगता. काठी टेकत आत शिरल्या, आणि काउंटरवरच्या सगळ्या बायका चोचीच्या बुटांत. फक्त आमच्या जाऊबाई चपलेत. मालकीणबाईंनी माझ्याकडून त्या मालातली आणि गेल्या मोसमातली उरलेली खोकी खाली मागवून घेतली आणि एकेक जोड उघडत गेल्या. त्यांचा जन्म बुटांत गेलेला. एका बुटात त्यांनी हात घातला, आत बोटं फिरवली आणि थांबल्या.

"यात पाच बोटांचे ठसे आहेत," त्या म्हणाल्या. "नव्या बुटात बोटं कुणाची?"

"कुणी गिऱ्हाइकाने घालून बघितला असेल," इस्त्री म्हणाला.

"घालून बघितल्याने एवढा खड्डा पडत नाही. हा महिनोन्‌महिने पायात होता." त्यांनी सगळ्या बायकांच्या पायांकडे एकदा नजर फिरवली. "माल पडून राहिला ते मी सोसेन, पसंतीत माणूस चुकतो. पण वापरलेला बूट नवा म्हणून माझ्या दुकानातून गेला असेल तर ते मी सोसणार नाही. उद्या सुट्टी आहे. परवा मी एकेकीला विचारणार. आधी ह्यांना." आणि त्यांनी काठी जाऊबाईंच्या चपलेकडे केली.

सुट्टीच्या दिवशी दुपारी आमचं दार वाजलं. मी नुकतीच फरशी पुसली होती. दारात इस्त्री. शर्टाला सुरकुत्या होत्या, मी मुद्दाम मोजायला थांबले नाही इतकंच. फरशी ओली बघून तो बिचकला आणि बूट बाहेर काढून आत आला. मी सवयीने चहा ठेवायला वळले. जाऊबाई म्हणाल्या, "राहू दे." मी राहू दिलं.

तो खुर्चीच्या कडेवर बसला. मग म्हणाला, "तुम्ही एवढंच सांगायचं, की बूट तुम्ही हौसेने घालत होता. आपापले विकत घेतलेले. मी सक्ती केली नाही. तुमचं ऐकून बाकीच्याही तेच म्हणतील. नाहीतर माझी नोकरी जाते. या वयात मला कोण ठेवणार, बाई? घरी आई अंथरुणाला खिळलेली आहे."

खरं होतं ते. त्याच्या आईचं मला माहीत होतं. मला त्याची कीव आली, माझं असंच होतं. मी जाऊबाईंकडे बघितलं. त्या त्याच्या तोंडाकडे बघतच नव्हत्या, पायाकडे बघत होत्या. उजव्या मोज्यावर, अंगठ्यापाशी, पिवळट लाल ओला डाग होता.

"कधीपासून आहे?" जाऊबाईंनी विचारलं.

त्याने पाय खुर्चीखाली ओढला. मग म्हणाला, "फार दिवस झाले."

"कोपरा कापता?"

"कापतो."

"खाच पाडता?"

त्याने मान हलवली. म्हणजे हा माणूस इतके दिवस तेच भोगत होता. दुखणं काय असतं ते त्याला चांगलं माहीत होतं, आणि तरी त्याने त्या दिवशी तो बूट वर धरला होता. माझी कीव तिथल्या तिथे विरघळली.

जाऊबाईंनी त्याला सगळं सांगितलं. शांतपणे, एखाद्या गिऱ्हाइकाला सांगावं तसं. आता खणू नका, आत टोक राहतं. नख सरळ कापत जा. पू झालाय तेव्हा घरी खेळ नको, उद्याच जा, साखर तपासून घ्या, फक्त पट्टी काढतात, इंजेक्शन दुखतं पण पुढे काही कळत नाही. डॉक्टरीणबाईंचा पत्ता सांगितला, दवाखान्याची वेळ सांगितली. ऐकता ऐकता त्याचा चेहरा सैल पडत गेला. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या.

"फार उपकार झाले," तो म्हणाला. "मग उद्या मालकीणबाईंना सांगाल ना तसं?"

"नाही," जाऊबाई म्हणाल्या.

"पण तुम्ही आत्ता..."

"आत्ता अंगठ्याचं सांगितलं. उद्या त्या विचारतील तेव्हा जे झालं ते सांगणार. कोणी दिले, कोणी घालायला लावले, कुठल्या खोक्यात परत गेले. आणि मला कुठे बसवून काय धुवायला लावलं, तेही."

आवाज चढला नाही. हातसुद्धा मांडीवरून हलला नाही. इस्त्री माझ्याकडे बघायला लागला. माझ्याकडे काय होतं त्याला द्यायला? तो उठला, दारात गेला, खाली वाकला. सुजलेला अंगठा त्या चोचीत जाईना. त्याने भिंतीला हात टेकला, परत ढकलून बघितलं, कपाळाला घाम फुटला. माझाच जीव कासावीस झाला. दाराशी भाऊजींच्या जुन्या, पसरट चपला पडल्या होत्या. मी त्या उचलून पुढे केल्या.

जाऊबाईंनी माझ्या हातातून त्या काढून घेतल्या. "त्यांचे बूट आहेत त्यांना," त्या म्हणाल्या.

त्याने डोळे मिटून पाय आत दाबला. मग कठड्याला धरून एकेक पायरी उतरायला लागला. जाऊबाई दारात उभ्या राहिल्या, तो खालच्या दाराबाहेर पडेपर्यंत हलल्या नाहीत. मी शेजारी उभी होते. त्या दिवशी दुकानात त्या अस्तर पुसत होत्या तेव्हाचा त्यांचा चेहरा मी वरून पाहिला होता. आत्ताचाही पाहिला, दोन्हींत काडीचा फरक नव्हता. मग त्यांनी त्या चपला होत्या तिथे नीट ठेवल्या आणि फरशीवरचे त्याच्या मोज्यांचे ओले ठसे पुसायला फडकं घेतलं.